सोडलेला मासा जगला पाहिजे

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात मरोळ येथे केलेले भाषण)



आजच्या संमेलनात शिक्षण, वसतिगृह आणि गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार या विषयांवर अधिकारी वक्त्यांनी आपले विचार मांडले. त्यांच्यानंतर, गळाला लागलेला मासा पुन्हा पाण्यात कसा सोडावा, हे सांगण्यास मी उभा राहिलो आहे. हे ऐकून काहींना हसू येईल. कोळ्याच्या पोटी जन्मून धरलेला मासा सोडावयाचा, हा विचारच आपल्या वडिलांच्या पिढीस विचित्र वाटला असता. तरीही या विषयाचा आपल्या तरुणांशी आणि आपल्या दर्याशी निकटचा संबंध आहे, म्हणून आपण दहा मिनिटे मला द्यावीत.

आपण जेथे जमलो आहोत ते मरोळ किनाऱ्यावरचे गाव नव्हे. परंतु येथील सुक्या मासळीचा बाजार आपल्या माताभगिनींच्या कष्टांवर उभा आहे, आणि पवईकडून येणारी मिठी नदी याच भागातून जाऊन पुढे माहीमच्या खाडीस मिळते. दर्या येथून दूर असला तरी त्याच्याशी असलेले आपले नाते तुटलेले नाही. आपली मुले आता सीप्झमध्ये आणि कचेऱ्यांत नोकरीस आहेत. रविवार आला की त्यांपैकी अनेकजण गळ आणि रीळ घेऊन मढ, मार्वे, गोराई किंवा वसईच्या खाडीकडे जातात. जिताडा, रावस, तांब, हेकरू, शिंगाळा असे जे मिळेल ते धरतात, छायाचित्र काढतात आणि पुष्कळदा मासा परत सोडतात. ‘आम्ही मासा मारीत नाही,’ असे ते अभिमानाने सांगतात. या अभिमानात चांगुलपणा आहे, हे मी प्रथमच मान्य करतो. माझा प्रश्न इतकाच आहे की, सोडलेला तो मासा पुढे जगतो काय?

हा प्रश्न मला माझ्याच चुकीने शिकविला. काही वर्षांपूर्वी एका दुपारी खडकावर उभे राहून मी हातभर लांबीचा जिताडा धरला. बराच वेळ त्याला खेळवून दमविला, तापलेल्या कातळावर ठेवला, गरी काढण्यासाठी पक्कड शोधली, मग माझे छायाचित्र निघाले, मग भाच्याचे निघाले. आणि अखेर मोठ्या उदारपणाने मी तो पाण्यात भिरकावला. मासा कुशीवर आडवा झाला आणि ओहोटीबरोबर वाहत गेला. जवळच कालवे काढीत बसलेल्या एका वृद्ध मावशींनी मान वर करून विचारले, ‘पोरा, मासा सोडलास की टाकलास?’ या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी माझ्यापाशी नव्हते.

शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा पुष्कळ अभ्यास केला आहे. निरनिराळ्या देशांतील प्रयोगांचे २७४ निष्कर्ष एकत्र करून २००५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. गळाने धरून सोडलेल्या माशांपैकी सरासरी शेकडा १८ मरतात, असे त्यात आढळले. काही ठिकाणी हे प्रमाण जवळजवळ शून्य होते, तर काही ठिकाणी शेकडा ९० च्याही वर होते. एवढी तफावत का पडावी? माशाची जात, पाण्याची उष्णता आणि खोली ही कारणे आहेतच. परंतु गरी कोठे लागली आणि धरणाऱ्याचे हात कसे चालले, ही फार मोठी कारणे आहेत. म्हणजेच माशाचे जगणे पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे.

पहिली गोष्ट गरीची. गरी जबड्याच्या कोपऱ्यात लागली तर जखम लहान राहते. ती घशात किंवा पोटात गेली तर कल्ले आणि काळीज फाटण्याचा धोका असतो. ज्या गोल गरीचे टोक आतल्या बाजूस वळलेले असते, ती बहुधा जबड्याच्या कोपऱ्यातच अडकते; मात्र तिला झटका न देता दोर सावकाश ताणावा लागतो. गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाकल्यास ती सहज निघते. आणि गरी खोल गेलीच, तर ती उपसून काढू नये. दोर तोंडाजवळ कापून मासा सोडावा. असा मासा जगण्याची शक्यता अधिक असते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. पाण्याबाहेर येताच माशाच्या कल्ल्यांचे पापुद्रे एकमेकांस चिकटतात आणि त्याचा श्वास कोंडतो. कॅनडात १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ट्राऊट मासे दमवून पाण्यातच ठेवले, तेव्हा शेकडा ८८ जगले. तसेच दमवून ३० सेकंद हवेत धरले, तेव्हा ६२ जगले. आणि ६० सेकंद धरले, तेव्हा अवघे २८ जगले. तो थंड, गोड्या पाण्याचा मासा आहे. त्याचे आकडे आपल्या जिताड्यास जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. परंतु कल्ल्यांची रचना तीच, आणि आपले पाणी तर अधिक उष्ण, म्हणून त्यात प्राणवायूही कमी. छायाचित्राची सारी तयारी मासा पाण्यात असतानाच करावी. माशास हात लावण्यापूर्वी हात ओले करावेत, कारण कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघून जातो, आणि तो थर म्हणजे त्याचे रोगापासूनचे चिलखत होय. मोठा मासा जबड्याने लटकवू नये. पोटाखाली दुसरा हात द्यावा.

तिसरी गोष्ट खोल पाण्याची. होडीने दूर जाणाऱ्यांनी ही ध्यानात ठेवावी. २० मीटर खोलीवरून हेकरू वर आणला की त्याच्या पोटातील वाताशयातील हवा जवळजवळ तिप्पट फुगते. डोळे बाहेर येतात, जठर तोंडावाटे बाहेर पडते आणि मासा तरंगत राहतो. ते बाहेर आलेले जठर टोचू नये. वजन लावलेल्या साधनाने मासा पुन्हा खोल नेऊन सोडावा. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात खडकाळ तळाचे मासे धरणाऱ्या नौकांवर असे साधन किंवा हवा काढण्याची सुई तयार ठेवणे २०२२ साली कायद्याने आवश्यक करण्यात आले.

आता कोणी विचारील, एका माशासाठी एवढा खटाटोप कशाला? त्यास जिताड्याचेच उदाहरण देतो. जिताडा बहुधा आयुष्याच्या आरंभी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे ज्या मोठ्या माशाबरोबर आपण छायाचित्र काढतो, ती बहुतेक अंडी देणारी माय असते. ती आपल्या हातून मेली तर तिच्याबरोबर पुढची पिढीही जाते.

सोडणे ही गोष्ट आपल्या ज्ञातीस नवीन आहे, असेही नव्हे. जून-जुलैत आपण होड्या किनाऱ्यास लावतो आणि नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करतो. जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क सापडल्यास जाळे कापून त्यास सोडणाऱ्या मच्छीमारांसाठी राज्य शासनाने २०१८ साली २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना केली. २०२३ साली ५४ जातींच्या मासळीचे किमान आकारमान ठरले. पापलेटासाठी ते १३५ मिलिमीटर आहे. पोटाचे जाळे कापणारे आपले बांधव असताना, हौसेचा दोर कापण्यास आपल्या तरुणांनी कचरू नये.

मासा खाऊच नये, असे सांगण्यास मी आलेलो नाही. तसे सांगितले तर घरी मला कोणी जेवू घालणार नाही! नियमात बसणारा मासा घरच्या कालवणासाठी आणावा. परंतु सोडावयाचा तर तो जगेल असा सोडावा. आणि सोडतो म्हणून दिवसभर धरीत सुटू नये, कारण दहा सोडले तरी त्यांतील एकदोन मरण्याचा संभव राहतोच.

माझी एकच विनंती आहे. पुढील पावसाळ्यात होड्या किनाऱ्यास असतील तेव्हा आपल्या ज्ञातीने एक रविवार राखून ठेवावा, आणि जुन्या जाणत्या मंडळींनी गळ टाकणाऱ्या मुलांस गरी कशी लावावी, कशी काढावी आणि मासा कसा हाताळावा, हे प्रत्यक्ष दाखवावे. त्या वेळी मासा ओल्या हाताने पाण्यात धरावा, त्याचे तोंड प्रवाहाकडे करावे आणि तो स्वतःच्या बळाने हातातून निसटेपर्यंत थांबावे. तो निसटला, म्हणजे त्या मावशींना उत्तर देता येईल की, ‘मावशी, टाकला नाही, सोडला.’