भरल्या कोठारातील भूक



आपल्यातील वडीलधाऱ्यांना रेशनवरचा अमेरिकन गहू आणि १९७२ च्या दुष्काळातला तांबडा मिलो अजून आठवत असेल. त्याच्या भाकरीविषयी मी काही बोलत नाही! परंतु ज्या देशाने आपल्याला सातासमुद्रापलीकडून धान्य धाडले, त्याच्याच घरात त्या काळी माणसे उपाशी होती, हे आपणांस कोणी सांगितले नव्हते.

मिसिसिपी राज्यातील लेफ्लोर परगणा हा कापसाचा मुलूख. हिवाळ्यात मळ्यावर काम नसे. तेव्हा केंद्र सरकारच्या शिलकी धान्यावर वीस हजारांहून अधिक माणसे दिवस काढीत. त्यांतली बहुतेक कृष्णवर्णीय. १९६२ साली ही माणसे मतदार म्हणून नाव नोंदवण्यासाठी कचेरीची पायरी चढू लागली, आणि परगण्याच्या गोऱ्या कारभाऱ्यांनी ते वाटपच बंद केले. धान्य कोठारात होते. देणारा हात मुद्दाम आखडला होता. मग उत्तरेकडून लोकांनी शिधा पाठवला. गंमत अशी, की शिध्याच्या रांगेतली माणसे पुढे कचेरीच्या रांगेतही दिसू लागली.

१९६४ च्या कायद्याने अन्नाची कुपने आली. ऐकायला मोठी सोय! पण थोडे पैसे भरावेत तेव्हा त्याहून अधिक किमतीची कुपने मिळत. कापूस वेचायला यंत्रे आली, मजुरी गेली. ज्याच्या घरात रोख दमडी नाही त्याने भरावे काय? जिथे कुपने आली तिथे फुकटचा शिधाही थांबला. ही अट काढणारा कायदा व्हायला १९७७ साल उजाडले.

माउंड बायू गावच्या दवाखान्यात डॉ. जॅक गायगर व त्यांचे सहकारी औषधाच्या चिठ्ठीवर चक्क अन्न लिहून देत, आणि वाण्याचे बिल दवाखान्याच्या औषधखात्यातून भागवीत. वरून हरकत आली, तेव्हा डॉक्टरांनी कळवले की कुपोषणावर वैद्यकग्रंथांत अन्न हाच उपचार सांगितला आहे. यावर सरकारने काय बोलावे?

हे सारे जुने झाले, असे मात्र समजू नका. २०२३ साली अमेरिकेच्या कृषिखात्याच्याच पाहणीत शंभर गोऱ्या घरांपैकी सुमारे दहा, तर शंभर कृष्णवर्णीय घरांपैकी तेवीस घरांत वर्षभरात कधी ना कधी पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती.

शेवटी फॅनी लू हेमर या बाईंविषयी सांगतो. १९६२ साली मतनोंदणीला गेल्या म्हणून त्यांना मळ्यावरून हाकलले होते. १९६९ साली शेजारच्या सनफ्लॉवर परगण्यात त्यांनी चाळीस एकर घेऊन सहकारी शेती मांडली. जोडीला डुकरांची पेढी काढली. कुटुंबाला एक मादी द्यायची, तिला पिले झाली की काही पेढीत परत यायची. आपल्याकडे शेळी अर्धलीने देतात, त्याच्याच जवळपासचा हा हिशेब. पुढे कर्ज आणि हवामान यांनी गाठले, आणि १९७० नंतरच्या दशकातच ही शेती बंद पडली. परंतु तोवर त्या जमिनीत मका, भेंडी, घेवडा, रताळी पिकली होती, आणि ती घरी नेण्यासाठी कोणालाही मळेवाल्याची मर्जी राखावी लागली नव्हती.