हे घर कुणाचं?



मागच्या वेळी आपण गटाच्या हिशेबाच्या वहीबद्दल बोललो. आज जरा लांबचं सांगतो, पण शेवटी पुन्हा आपल्याच दारात येऊ.

आम्ही माणदेशातल्या सहा जणी लक्षद्वीपला जाऊन आलो. पाच वर्षं शेळ्या आणि शेवयांच्या पैशातून बाजूला टाकत गेलो. गटाच्या पैशाला हात लावला नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात तेच पहिलं विचारलं गेलं!

रेल्वेने कोचीला गेलो आणि तिथून जहाजात बसलो. लक्षद्वीपला जायला सरकारी परवाना लागतो, तो आधीच काढला होता. या सहलीत रात्री जहाज चालतं, दिवसभर बेटावर उतरवतात आणि संध्याकाळी पुन्हा जहाजावर नेतात. त्यातला मिनिकॉय बेटावरचा दिवस आम्हाला सांगायचा आहे.

मिनिकॉय हे लक्षद्वीपचं दक्षिणेकडचं टोक, कोचीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर. तिथले लोक त्याला मलिकू म्हणतात. जहाजातून लहान बोटीत उतरताना आमच्या पोटात गोळा आला. बोट खालीवर होते, आणि नेमकी वर आली की पाय टाकायचा. विहिरीत वाकून पाणी शेंदणाऱ्या आम्ही, पण त्या दिवशी एकमेकींचा पदर सोडला नाही.

बेट पाच चौरस किलोमीटरपेक्षाही लहान. १८८५ सालच्या दीपगृहावर चढलो तेव्हा एका बाजूला हिरवं-निळं उथळ पाणी आणि दुसऱ्या बाजूला काळाभोर समुद्र दिसला. मधे नुसत्या माडांच्या झावळ्या. चारही बाजूंना पाणी, पण प्यायच्या पाण्याची तिथेही काळजीच. २०११ पासून समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारा प्रकल्प तिथे आहे, दिवसाला एक लाख लिटरचा. टँकरची वाट बघणाऱ्या आम्ही तिथे बराच वेळ रेंगाळलो.

जेवायला भात, माशाचं कालवण आणि खोबरं होतं. आमच्या माळकरी मावशींनी भात-खोबऱ्यावर भागवलं. इथे कुपा मासा गळाने एकेक करून धरतात. मग तो शिजवून, धुरी देऊन, उन्हात लाकडासारखा कडक वाळवतात. तो महिनोनमहिने टिकतो. आपल्या सांडग्या-कुरडयांसारखीच ही उन्हातली बेगमी.

जेवणानंतर गावात फिरलो. एका घराच्या ओट्यावर पन्नाशीच्या एक ताई बसल्या होत्या. त्या त्यांच्या महल भाषेत बोलायच्या, वाटाड्या मुलगा हिंदीत सांगायचा आणि आम्ही आमच्यात मराठीत. आमच्यातल्या काकूंनी सहज विचारलं, "हे घर कुणाचं?"

ताई म्हणाल्या, "माझं. आधी आईचं होतं. पुढे मुलीचं."

काकूंना वाटलं, मालक वारले असतील. तर मालक आतच झोपलेले! मग उलगडा झाला. मिनिकॉयमध्ये घर बाईच्या बाजूने चालतं. लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. इथले पुरुष पिढ्यानपिढ्या जहाजांवर खलाशी म्हणून महिनोनमहिने बाहेर, घरदार बायकांनीच सांभाळलेलं. लक्षद्वीपचे लोक बहुतेक सगळे मुसलमान, आणि तरी आईकडून चालणारी ही रीत त्यांनी जपली आहे.

मग ताईंनी उलटा प्रश्न केला, "तुमच्याकडे मुलगी लग्न करून दुसऱ्याच्या घरी जाते म्हणता. तिथे भांडण झालं, तर ती कुठे जाते?"

आमच्यातली एकही बोलली नाही.

तिथे सगळं सोन्याचं आहे असं आम्ही म्हणत नाही. बोटी तिथेही पुरुषांच्याच. पण रात्री जहाजावर काकूंना झोप नव्हती. त्या म्हणाल्या, "तीस वर्षं मी ते घर सारवलं. विटा वाहिल्या. घरपट्टीही मीच भरते. पावतीवर माझं नावच नाही."

मैत्रिणींनो, ताईंची रीत आपल्याला उचलून आणता येणार नाही. पण आपल्या हातात काही आहे. ग्रामपंचायतीत नमुना आठचा उतारा मागा आणि घर कुणाच्या नावावर आहे ते बघा. नवऱ्याच्या नावावर असेल, तर त्यांच्या संमतीने दोघांचं नाव लावण्यासाठी अर्ज देता येतो. ही नोंद करासाठीची असते, मालकीचा पूर्ण पुरावा नव्हे, पण सुरुवात तिथूनच होते. प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुल मंजूर होत असेल, तर ते बायकोच्या किंवा दोघांच्या नावे करण्याचा नियमच आहे, ते बघून घ्या. आणि २००५ च्या कायद्याने हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. हक्कसोडीच्या कागदावर सही करण्याआधी तो कागद वाचून घ्या, नाहीतर गटात आणा, आपण मिळून वाचू.

काकूंनी परत आल्यावर अर्ज दिला. मालकांनी आधी कुरकुर केली, मग सही केली. अजून नोंद व्हायची आहे, पण काकू दर सोमवारी पंचायतीत जाऊन विचारतात.

येत्या बैठकीला प्रत्येकीने घरपट्टीची पावती घेऊन या. आणि शेजारणीला एवढंच विचारा, "हे घर कुणाचं?"