पार्टी झाल्यानंतरची खेप

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आठ दिवसांपूर्वी चिटणीसबाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही घरोघरी डब्यांच्या पार्ट्या करता, त्याविषयी दहा मिनिटे बोला." मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. माल दाखवताना तोंड चालते, पण व्यासपीठावर चालेल याची खात्री नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "मग असे समजा की आम्ही सगळ्या पार्टीलाच आलो आहोत." म्हणून आज उभी राहिले आहे. मात्र कॅटलॉग घरी ठेवून आले आहे, तेव्हा कोणी पर्स घट्ट धरून बसू नये!

माल कसा खपवावा हे मी सांगणार नाही. ते कंपनीवाले शिकवतात. पार्टी आटोपली, सतरंजी गुंडाळली, चहाचे कप विसळून झाले, की त्यानंतर यजमानीणबाईंकडे पुन्हा कधी आणि कशासाठी जावे, एवढेच मला सांगायचे आहे. हे मला कोणी शिकवले नाही. चुकून शिकले.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी ही रीत थोडक्यात सांगते. एखादी गृहिणी आपल्या दहा-बारा मैत्रिणींना घरी बोलावते. आम्ही डबे, बाटल्या, झाकणे मांडतो, कशी वापरावीत ते दाखवतो आणि कॅटलॉग फिरवतो. बायका ऑर्डर लिहून देतात. माल पुढे आठ-दहा दिवसांनी एकगठ्ठा यजमानीणबाईंच्या घरी येतो आणि तिथून ज्याचा त्याला जातो. यजमानीणबाईंना कंपनीकडून एखादी भेटवस्तू मिळते.

ही रीत अमेरिकेतून आली. तिथे अर्ल टपर नावाच्या गृहस्थांनी प्लास्टिकचे हवाबंद डबे काढले, पण दुकानात ते पडून राहत. झाकण दाबून आतली हवा कशी काढायची हेच गिऱ्हाइकाला कळेना! ब्राउनी वाइज नावाच्या बाईंनी ते घरोघरी पार्ट्यांतून दाखवून विकले. त्यांना एक मुलगा होता आणि संसाराचा भार एकटीवर होता. १९५१ साली कंपनीने दुकानांतून माल काढून घेतला आणि सगळी विक्री पार्ट्यांवर सोपवली. १९५४ मध्ये 'बिझनेस वीक' या मासिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र आले. तो मान मिळालेली ती पहिलीच स्त्री. आणि १९५८ साली त्याच कंपनीने त्यांना काढून टाकले. ही टपरवेअर कंपनी १९९६ मध्ये आपल्याकडे आली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. मी विकते तो माल दुसऱ्या कंपनीचा आहे, पण या गोष्टीवरून मी एवढे समजले की कंपन्या येतात, जातात. आपल्याला मात्र त्याच गल्लीत राहायचे असते.

आता माझी चूक सांगते. ज्या वहिनींच्या बाबतीत ती घडली त्यांची परवानगी घेतली आहे. त्या आज इथे बसल्या आहेत की नाही, हे मात्र विचारू नये.

२०१९ सालच्या जुलैतला शेवटचा रविवार. सांगलीच्या गावभागात त्यांच्या घरी पार्टी झाली. अकरा जणी आल्या. ऑर्डरही चांगली लागली. निम्मे पैसे आधी घेण्याची माझी पद्धत होती. वहिनींनी ते सगळ्यांकडून गोळा करून माझ्या हातात दिले, सहा हजार चारशे रुपये. पुढच्याच आठवड्यात कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांपर्यंत गेले ते आपण कोणी विसरणार नाही. गावभागातली घरे पाण्यात गेली. माझा माल पुण्याला अडकला, कारण रस्ते बंद होते. आम्ही विश्रामबागेला राहतो, आमच्या दारात पाणी आले नाही.

पाणी ओसरले. ऑगस्टच्या अखेरीस माल माझ्या घरी येऊन पडला. मी खोकी माळ्यावर ठेवली. मनात म्हटले, 'त्यांच्या घरात चिखल, गाद्या भिजलेल्या, धान्य कुजलेले. अशा वेळी मी डब्यांचे काय बोलू? बरे दिसणार नाही.' म्हणून गेले नाही. फोनही केला नाही. आपण मोठा समंजसपणा केला असेच मला वाटत होते.

गौरींच्या हळदीकुंकवाला एका घरी गेले. तिथे त्या पार्टीतल्याच एक बाई भेटल्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "वहिनींनी चौघींचे पैसे पदरचे भरले. तुम्हाला ठाऊक आहे का?" माझ्या हातातली ओटी तशीच राहिली.

झाले होते असे. पुरानंतर प्रत्येक घरात पैशाची ओढ होती. चौघींनी विचारले, "आमचे पैसे परत मिळतील का?" त्या मला ओळखत नव्हत्या, वहिनींना ओळखत होत्या. वहिनींना माझ्याकडून काहीच निरोप नाही. माल येणार की बुडाला हेही त्यांना माहीत नाही. 'चौकशी करते' असे त्या दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा तसे म्हणायची त्यांना लाज वाटली. त्यांनी दोन हजार एकशे पन्नास रुपये स्वतःच्या डब्यातून काढून दिले. घरात नव्या गाद्या यायच्या होत्या, त्यातले ते पैसे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. भिंतीवर छातीइतक्या उंचीवर पाण्याची रेघ उमटलेली होती. त्यांनी मला बसायला पाट दिला आणि चहा ठेवला. मी आधी पैसे पुढे ठेवले, मग वही काढली. त्या म्हणाल्या, "तुम्ही आला नाहीत याचे मला वाईट वाटले नाही. तुम्हालाही अडचणी असतील. पण त्या बायकांना काय सांगावे हे मला कळेना, त्याचे वाईट वाटले."

भगिनींनो, हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. पार्टीत माल कंपनीचा असतो, नफा माझा असतो आणि शब्द यजमानीणबाईंचा असतो. त्या अकरा जणी माझ्याकडे बघून आलेल्या नव्हत्या. तेव्हा आपल्याला लाज वाटली म्हणून गप्प बसायचे, तर तो भार त्यांच्या डोक्यावर जातो.

आम्ही दोघी मिळून अकराही घरी गेलो. हवे त्यांना डबे, नको त्यांना पैसे. मला वाटले होते सगळ्या पैसेच मागतील. पण सात जणींनी डबे घेतले. ज्यांचे धान्य भिजले होते त्यांनाच घट्ट झाकणाचे डबे हवे होते! मी विचारलेच नसते तर हेही कळले नसते.

तेव्हापासून माझे काही नियम आहेत. नव्याने हे काम करणाऱ्या मुलींसाठी सांगते.

पहिली खेप दुसऱ्या दिवशी. जाणे शक्य नसेल तर फोन. 'काल तुम्हाला त्रास दिला, घर आवरून झाले का?' एवढे विचारावे आणि एकूण ऑर्डर किती झाली, त्यावर त्यांना भेट कोणती मिळणार, हे आकड्यासह सांगावे. पुढच्या पार्टीचे नाव त्या दिवशी काढू नये. जेवून हात धुतो न धुतो तोच पुढचे आमंत्रण मागणारा पाहुणा कोणाला आवडतो?

दुसरी, माल निघाला की कळवावे. उशीर होणार असेल तर तो समजला त्याच दिवशी कळवावे. वाईट बातमी लवकर सांगितली तर ती निम्मी होते.

तिसरी खेप माल येईल त्या दिवशी. ही कधी चुकवू नये. यजमानीणबाईंच्या ओसरीत खोकी टाकून निघून गेले, तर वाटणी, मोजणी, सुट्टे पैसे हे सगळे त्यांच्या गळ्यात पडते. आपण बसून प्रत्येकीच्या नावाची पिशवी करावी आणि यादीवर खूण करावी. भेटवस्तू त्याच दिवशी त्यांच्या हातात द्यावी. 'पुढच्या वेळी आणते' म्हटलेली भेट सहसा येत नाही, आणि तेही त्या विसरत नाहीत.

चौथी खेप पंधरा-वीस दिवसांनी. झाकण सैल निघाले, रंग दुसरा आला, असे काही असेल तर ते एव्हाना कळलेले असते. आपण आपणहून विचारले म्हणजे गाऱ्हाणे यजमानीणबाईंकडे जात नाही. पुन्हा पार्टी करायची का, हे विचारायचे असेल तर या खेपेला, तेही एकदाच. नाही म्हणाल्या तर चहा पिऊन उठावे.

त्यानंतर मी जाते ती शेजारीण म्हणून, पिशवी न घेता. नुसत्या व्हॉट्सअॅपवर भागत नाही, आणि न विचारता कोणाला ग्रुपमध्ये घालणे तर मला मुळीच पटत नाही. हळदीकुंकवाचे आमंत्रण देऊन तिथे कॅटलॉग काढू नये. बाई कुंकू लावून घ्यायला आलेली असते.

कायद्याचेही थोडे सांगते, कारण ते विकणारीला आणि घेणारीला दोघींनाही कामाचे आहे. थेट विक्रीसाठी केंद्र सरकारने २०२१ साली नियम केले आहेत. ओळखपत्र जवळ असल्याशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय विक्रेत्याने कोणाच्या घरी जाऊ नये. किंमत, माल परत करण्याची आणि पैसे परत मिळण्याची पद्धत खरी खरी सांगावी. 'तू दुसरी गिऱ्हाइके आणून दे, म्हणजे तुझा माल स्वस्तात पडेल' असे सांगून खरेदी करायला लावणे चालत नाही. म्हणून भेटीचे आमिष दाखवून मी यजमानीणबाईंना काही घ्यायला लावत नाही. त्यांनी घर दिले, माणसे बोलावली, त्याबद्दलची ती भेट. माणसांखाली माणसे जोडून नुसते पैसे फिरवण्याच्या योजनांना तर साफ बंदी आहे. कोणी 'आधी पैसे भर, मग खाली चार जणी आण' म्हणू लागली तर सरळ उठून यावे. फसवणूक झाली तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला कळवता येते.

शेवटी वहिनींचे सांगते. त्यांनी पुन्हा पार्टी केली नाही, आणि मीही विचारले नाही. पण दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, नदी पुन्हा चढू लागली. मी त्या दिवशी दुपारीच फोन केला आणि त्या संध्याकाळी मुलांना घेऊन आमच्याकडे राहायला आल्या. चार दिवस राहिल्या. येताना पिशवीत घरातली कागदपत्रे होती, आमच्याच एका डब्यात, झाकण घट्ट दाबून.