विमान पडल्यावर देणे कोणाचे?



मोझरीच्या या व्यासपीठावर शेतीवर, ग्रामोद्योगावर किंवा सहकारावर बोलणारा वक्ता शोभून दिसतो. मी मात्र विमानाच्या विम्यावर बोलणार आहे. हा विषय ऐकून कोणी म्हणेल, आम्हांला काय त्याचे? पण १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. आपली मुले दुबईला, मस्कतला नोकरीला जातात. आणि विमानतळ म्हटला की सामान चढविणारे, झाडलोट करणारे, पहारा देणारे आसपासच्या गावांतूनच येतात. तेव्हा विमानात न बसणाऱ्यांच्याही दारी हा प्रश्न आला आहे.

मी वकील नाही, आणि विम्याचा एजंट तर नाहीच नाही. शाळा लवकर सुटली. कायदा शिकलो तो युनियनच्या कचेरीत, कंदिलाच्या नाही तरी मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात. त्यातून एक खोड लागली. कोणताही करार हाती आला की तीन प्रश्न विचारायचे: नुकसान झाले तर देणे कोणाचे? किती? आणि कोणाला?

विमा म्हणजे काय, हे वऱ्हाडच्या शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको. आपल्याकडे सावड असते. आज माझ्या शेतात सगळ्यांनी राबायचे, उद्या तुमच्या. एकट्याला न पेलणारे काम दहांनी वाटून घ्यायचे. विमा ही पैशाची सावड आहे. विमानाची किंमत कोट्यवधी रुपयांची, आत शेकडो माणसे. एका विमा कंपनीला तो भार झेपत नाही. म्हणून ती आपल्या जोखमीचा मोठा भाग दुसऱ्या कंपन्यांवर सोपविते. याला पुनर्विमा म्हणतात. मुंबईची जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशन आपल्या देशात हेच काम करते, आणि पुढचा भार लंडनसारख्या परदेशी बाजारांत वाटला जातो.

विमान कंपनी जो विमा उतरविते त्याचे मुख्य भाग असे. पहिला, खुद्द विमानाचा. त्याची किंमत करारातच ठरवून ठेवतात, म्हणजे मागाहून घासाघीस नको. दुसरा, प्रवासी आणि त्यांचे सामान यांच्याबद्दलच्या जबाबदारीचा. तिसरा, जमिनीवरच्या त्रयस्थ माणसांच्या व मालमत्तेच्या नुकसानीचा. युद्ध, अपहरण, घातपात यांचा विमा बहुधा वेगळा घ्यावा लागतो.

आता या व्याख्यानातली मुख्य गोष्ट सांगतो. हा विमा कंपनीचा आहे, तुमचा नाही. त्याचा हप्ता तुमच्या तिकिटाच्या पैशातूनच भरला जातो हे खरे; पण तो उतरविलेला असतो कंपनीच्या तिजोरीच्या रक्षणासाठी. तुमचा हक्क विम्याच्या कागदातून येत नाही, तो कायद्यातून येतो. कायद्याने कंपनी जितके देणे लागते, तितकेच विमावाला तिच्या वतीने देतो. म्हणून 'विमा आहे ना, मग काळजी कशाला' असे म्हणून स्वस्थ बसणारा फसतो.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर लगेच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानात २३० प्रवासी व १२ कर्मचारी होते. त्यांतला एकच प्रवासी वाचला. जमिनीवर १९ माणसे गेली. एकूण २६०. त्यांत आपल्या महाराष्ट्राचीही माणसे होती. मृत्यू एकाच क्षणी आला; पण कायद्याच्या दृष्टीने तिथे तीन वेगवेगळ्या रांगा लागल्या.

पहिली रांग प्रवाशांची. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ साली सामील झाला, आणि आपल्या १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्यात तो जोडला गेला. त्यापूर्वी १९२९ च्या वॉर्सा कराराची पद्धत होती. विमानधंदा तेव्हा बाल्यावस्थेत होता, म्हणून कंपनीचे देणे एका ठरावीक मर्यादेत बांधून टाकले होते. नव्या कराराने दोन पायऱ्या केल्या. पहिल्या पायरीपर्यंत कंपनीचा दोष सिद्ध करावा लागत नाही. ही पायरी २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१,८८० एस.डी.आर. झाली. एस.डी.आर. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी चलन. २०२५ च्या भावाने ही रक्कम सुमारे १ कोटी ८० लाख रुपये होते. त्याच्या वरची भरपाई टाळायची असेल, तर आपला निष्काळजीपणा नव्हता किंवा दोष सर्वस्वी दुसऱ्याचाच होता, हे कंपनीने सिद्ध करायचे. मात्र नुकसान किती झाले, म्हणजे गेलेल्या माणसाची कमाई काय होती आणि तिच्यावर कोण अवलंबून होते, हे वारसांनीच दाखवायचे असते.

दुसरी रांग कर्मचाऱ्यांची. वैमानिक किंवा हवाई सेविका हे प्रवासी नव्हेत. हा करार त्यांच्यासाठी नाही. त्यांचा आधार नोकरीचा करार आणि कामगार भरपाईचा कायदा. विमानाचे कर्मचारी १९२३ च्या कायद्याच्या व्याख्येत आले होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पण त्या कायद्याखाली २०२० पासून हिशेबाला धरायचे मासिक वेतन १५,००० रुपयांवर थांबत असे, मग पगार कितीही असो! तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. ठेकेदाराच्या हाताखालच्या माणसाची भरपाई मुख्य मालकाकडून मागता येते, हे त्यातले जुने तत्त्व आहे. ते विमानतळावर सामान उचलणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावे.

तिसरी रांग जमिनीवरच्यांची. त्यांच्याजवळ तिकीट नाही, नोकरीचा करार नाही. त्यांना सर्वसाधारण दिवाणी कायद्याचाच आधार. ट्रकखाली माणूस गेला तर अमरावतीला मोटार अपघात न्यायाधिकरण आहे. विमानाखाली गेला तर तसे खास न्यायाधिकरण नाही. हे न्यून दूर व्हावे, अशी मागणी आपण जागरूक नागरिकांनी केली पाहिजे.

आता बेलोऱ्याकडे वळू. अमरावती ते मुंबई हा देशांतर्गत प्रवास. त्यासाठी सरकार वेगळी अधिसूचना काढून रुपयांत रकमा ठरविते. २०१४ च्या अधिसूचनेत मृत्यूसाठी २० लाख आणि सामानासाठी २० हजार हे आकडे आले. म्हणजे लंडनला जाणाऱ्याचा जीव आणि मुंबईला जाणाऱ्याचा जीव यांत कायद्यानेच अंतर पाडले! पण एक मेख लक्षात ठेवा. अमरावतीहून मुंबईमार्गे दुबईला जाणारा सगळा प्रवास एकाच कराराने, एकसंध ठरविलेला असेल, तर अमरावती-मुंबईचा टप्पाही आंतरराष्ट्रीय प्रवासातच धरला जातो. दोन स्वतंत्र तिकिटे काढली, तर तो आधार निसटतो. म्हणून जिथे सोय असेल तिथे संबंध प्रवासाचे तिकीट एकच काढावे आणि त्याची प्रत घरी ठेवून जावे.

दुसरी गोष्ट पावतीची. अहमदाबादच्या अपघातानंतर टाटा समूहाने प्रत्येक मृताच्या कुटुंबास १ कोटी रुपये जाहीर केले. एअर इंडियाने २५ लाख रुपये अंतरिम मदत म्हणून देऊ केले. पहिली रक्कम सानुग्रह, म्हणजे मनाने दिलेली. दुसरी अंतिम हिशेबात वळती होणारी. यांपैकी कोणतीही म्हणजे पुरती भरपाई नव्हे. आमच्या भागातल्या एका जिनिंग कारखान्यात कामगार दगावला, तेव्हा तेराव्याच्या आतच त्याच्या बायकोचा अंगठा 'सर्व देणे भरून पावले' अशा कागदावर घेण्याचा घाट घातला गेला होता. कागद आम्ही मोठ्याने वाचून दाखविला, तेव्हा तो गुंडाळला गेला. अंतरिम मदत अवश्य घ्यावी, घरात चूल पेटायला हवी. पण शेवटच्या ओळीवर सही करण्यापूर्वी जाणत्याकडून ती वाचून घ्यावी.

धीर मात्र सोडू नये. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान मंगळूरला कोसळले आणि १५८ माणसे गेली. त्यांतल्या एका कुटुंबाने राष्ट्रीय ग्राहक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली, आणि २०२० साली त्यांची भरपाई ७ कोटी ६४ लाख ठरली. दहा वर्षे लागली खरी. पण मृताच्या कमाईचे कागद होते म्हणून हिशेब उभा राहिला. आणि मुदत विसरू नका: करारान्वये दावा दोन वर्षांच्या आत लावावा लागतो. सामान फुटले तर सात दिवसांत, उशिरा मिळाले तर एकवीस दिवसांत लेखी तक्रार द्यावी लागते.

मित्रहो, गेलेला माणूस कोणतीही रक्कम परत आणीत नाही. परंतु मागे राहिलेल्यांनी हात पसरावा की हक्क सांगावा, हे आपल्या माहितीवर अवलंबून आहे. आज घरी गेल्यावर आपल्या परगावच्या मुलाला एवढेच विचारा: तुझ्या नोकरीच्या कराराची आणि पगाराच्या कागदाची प्रत घरात कुठे आहे? एवढे झाले तरी माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.