टोपी, पंचा आणि सूट
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)

कोणी फसवलं की आपण म्हणतो ‘टोपी घातली’ आणि शब्द बदलला की ‘पगडी फिरवली’. डोक्यावरच्या कापडावर आपल्या भाषेचा फारसा भरवसा दिसत नाही. तरी पुढारी व्यासपीठावर आला की आपण आधी त्याचे कपडे बघतो, भाषण मागाहून ऐकतो. हयात पुढाऱ्यांची नावं आम्ही घेणार नाही. बाप्पांचा मांडव आहे, आणि वर्गणीदार सगळ्याच पक्षांचे आहेत.

आपण बडोदेकर, तेव्हा सुरुवात महाराजांपासून. १२ डिसेंबर १९११, दिल्ली दरबार. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्यापुढे एकेका संस्थानिकाने येऊन वाकायचं आणि पाठ न दाखवता मागे सरायचं, असा शिरस्ता. बाकीचे हिऱ्यामोत्यांनी मढलेले. आपले सयाजीराव गेले ते साध्या पांढऱ्या पोशाखात, जडजवाहीर न घालता, हातात काठी घेऊन. एकदाच वाकले आणि पाठ फिरवून चालू लागले. इंग्रजी वर्तमानपत्रांनी गहजब केला, व्हाइसरॉयकडे दिलगिरी पाठवावी लागली. महाराजांचा हेतू काय होता यावर अजून वाद चालतो. पण ज्यांच्या जामदारखान्यात ‘स्टार ऑफ द साउथ’ हिरा होता, सात पदरी मोत्यांचा हार होता, ते साधे गेले म्हणून तो साधेपणा जगाला दिसला. तुम्ही-आम्ही तसे गेलो असतो तर दारावरच अडवले असते!

गांधीजींचंही काहीसं तसंच. लंडनला बॅरिस्टरी शिकताना त्यांनी सूट, उंच हॅट सगळी हौस केली. १९१५ साली परतले ते काठेवाडी पागोट्यात. पुढे पांढरी टोपी आली. (ती त्यांनी जेमतेम काही वर्षं घातली, महाराष्ट्रातल्या खेड्यांनी मात्र अजून सोडलेली नाही.) परदेशी कापड जाळा म्हणता, पण ज्याला खादी परवडत नाही त्याने नेसायचं काय, हा प्रश्न त्यांना टोचत होता. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत त्यांनी टोपी-सदरा सोडला आणि पंचा नेसला. १९३१ मध्ये तोच पंचा बकिंगहॅम राजवाड्यात गेला.

त्याच वर्षी लंडनच्या गोलमेज परिषदेत त्यांच्यासमोर होते सुटाबुटातले डॉ. आंबेडकर. त्या विलायती वेषाला नाक मुरडणारे आजही भेटतात. बडोद्याने तरी मुरडू नये. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकलेले आंबेडकर १९१७ मध्ये याच गावी नोकरीवर आले. त्यांना राहायला जागा कोणी देईना. पारशी नाव सांगून ते एका पारशी सराईत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. मुंबईच्या गाडीची वाट बघत ते कमाटीबागेत बसून राहिले. कोलंबियाची पदवी कामी आली नाही.

ज्यांच्यावर चिंध्या पिढ्यान्‌पिढ्या सक्तीने लादल्या, त्यांच्या पुढाऱ्याने पंचा नेसून कोणता त्याग दाखवायचा? गांधीजींनी आपल्याजवळचं सोडलं, आंबेडकरांनी नाकारलेलं घेतलं. १९२७ च्या डिसेंबरात महाडला त्यांनी बायकांना बजावलं की लुगडं नेसण्याच्या तुमच्या तऱ्हेवरून, गळ्यातल्या गळसऱ्यांवरून आणि हातातल्या कोपरापर्यंतच्या कथलाच्या-चांदीच्या गोटांवरून लोक तुमची जात ओळखतात. ते टाका. लुगडं फाटकं असलं तरी चालेल, पण स्वच्छ हवं. पुढाऱ्याच्या भाषणात नेसण्याची एवढी बारीक चर्चा आम्ही तरी दुसरीकडे वाचलेली नाही.

आजच्यांचं काय सांगावं? प्रचारात पुण्याला पगडी, कोल्हापूरला फेटा, इथे आपल्याकडे आणखी काही. सभा संपली की ते सगळं सचिवाच्या पिशवीत. त्यात त्यांनी ना काही सोडलं, ना कोणाला काही मिळवून दिलं.

कमाटीबागेतल्या त्या जागी आज संकल्पभूमी आहे. दर २३ सप्टेंबरला तिथे दूरदूरहून माणसं येतात. बायकांच्या अंगावर कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साड्या असतात. महाडचं ते भाषण ऐकलेल्या कोणाच्या पणत्याही कदाचित त्यांत असतील.