गुन्ह्याचा परिणाम आणि शाळेचे कर्तव्य
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेले भाषण)



गुन्ह्याचे परिणाम विद्यार्थ्यांच्या मनावर कसे ठसवावेत, हा विषय आज मजकडे सोपविण्यात आला आहे. हा विषय आपण पुष्कळदा एका वाक्यात उरकतो. “चोरी कराल तर पोलीस धरून नेतील,” एवढे सांगितले की आपले कर्तव्य संपले, असे आपणांस वाटते. ही समजूत अपुरी तर आहेच, परंतु अपायकारकही आहे. हे मी ग्रंथांतून शिकलो नाही. स्वतःच्या चुकीवरून शिकलो. ती चूकच प्रथम निवेदन करतो.

मी सहायक शिक्षक असतानाची गोष्ट. सातवीतील एका मुलाच्या दप्तरात पुस्तकांखाली दारूच्या पन्न्या सापडल्या. आपला जिल्हा दारूबंदीचा. तथापि चोरटा व्यवहार चालतो, आणि शाळकरी मुलाच्या दप्तराची झडती सहसा कोणी घेत नाही, हे तो व्यवहार करणारे पुरते ओळखून असतात. मी त्या मुलास परिपाठाच्या वेळी सर्वांसमोर उभे केले आणि “आता तुला तुरुंगातच पाठवितो,” असे दरडावले. सारी मुले चिडीचूप झाली. धडा चांगला दिला, असे मला त्या दिवशी वाटले. दुसऱ्या दिवशी तो मुलगा शाळेत आला नाही. पुढेही कधी आला नाही. काही महिन्यांनी तो मला एस. टी. थांब्यावर दिसला. हातात ओझे तेच होते. दप्तर मात्र सुटले होते. ते ओझे त्याच्या हाती कोणी दिले, हा प्रश्न मी त्याला विचारलाच नव्हता.

मी दाखविलेली भीती कायद्याच्या दृष्टीनेही खोटी होती. आज लागू असलेल्या २०१५ च्या बालन्याय अधिनियमानुसार १८ वर्षांखालील बालकास पोलीस कोठडीत अथवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला बालन्याय मंडळापुढे न्यावे लागते. त्या मंडळावर एक दंडाधिकारी व दोन समाजकार्यकर्ते असतात, आणि त्या दोघांत निदान एक स्त्री असते. समुपदेशन, समाजसेवा, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर पालकांच्या स्वाधीन करणे, किंवा तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात ठेवणे, असे आदेश हे मंडळ देऊ शकते. मात्र १६ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाने अत्यंत निर्घृण गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर त्याची प्रौढाप्रमाणे चौकशी व्हावी की काय, याचा विचार होऊ शकतो. हेही मोठ्या मुलांस स्पष्ट सांगितले पाहिजे. कायदा क्रूर नाही; पण तो पोकळही नाही.

याच अधिनियमाचे ७८ वे कलम आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक शिक्षकाने पाठ करावे. दारू अथवा अमली पदार्थ विकण्यासाठी वा वाहून नेण्यासाठी जो बालकाचा उपयोग करील, त्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे कायद्याची दृष्टी दप्तरापाशी थांबत नाही. ती दप्तर भरणाऱ्या हातापर्यंत जाते. माझी दृष्टी त्या दिवशी दप्तरापाशीच थांबली होती.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. परिणाम म्हणजे केवळ शिक्षा नव्हे. आपल्या कृत्याने कोणाचे काय हरपले, हे जाणणे हा पहिला परिणाम होय. सेवाग्रामच्या या भूमीत त्याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत स्वतः केलेली चोरी सांगितली आहे. वयाच्या सुमारे पंधराव्या वर्षी, भावाचे कर्ज फेडण्यासाठी, त्याच्याच सोन्याच्या कड्यातील तुकडा त्यांनी कापून घेतला. पुढे मन खाऊ लागले, तेव्हा त्यांनी चिठ्ठी लिहून आजारी वडिलांच्या हाती दिली, शिक्षा मागितली, आणि पुन्हा चोरी न करण्याची प्रतिज्ञा केली. वडिलांनी हात उगारला नाही. त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले आणि त्यांनी ती चिठ्ठी फाडून टाकली. मार मुलगा विसरला असता. ते अश्रू तो जन्मभर विसरला नाही.

यावरून कोणी म्हणेल, मग क्षमा केली की झाले! तसे नाही. पवनारच्या विनोबांपुढे १९६० साली चंबळच्या खोऱ्यात दरोडेखोरांनी शस्त्रे ठेवली. त्यानंतरही त्यांना न्यायालयापुढे उभे राहावेच लागले. पश्चात्ताप परिणाम टाळीत नाही. तो परिणाम सोसण्याचे बळ देतो. मुलांस हा भेद समजतो, फक्त तो कोणीतरी समजावून सांगावा लागतो.

यासाठी काही गोष्टी आपण आजपासून करू शकतो. वर्गात एखादा साधा प्रसंग घ्यावा. कोणाच्या शेतातील मोटारपंपाची केबल चोरीला गेली असे समजा. फळ्यावर मुलांकडूनच लिहून घ्यावे: त्या रात्री ओलित थांबले, हरभरा सुकला, नव्या केबलसाठी उसने पैसे काढावे लागले, त्या घरच्या मुलीची सहल हुकली. चोराच्या घरची ओळही पुढे लिहावी. “पोलीस येतील” हे वाक्य मुले सर्वांत शेवटी लिहितील, आणि ते तेथेच शोभेल.

दुसरे असे की, प्रत्यक्ष चूक झाली असता मुलास एकांतात बोलवावे. परिपाठात नाव घेऊ नये. काय झाले, कोणाचे नुकसान झाले, ते कसे भरून देशील, आणि तुला हे करावयास कोणी सांगितले, हे चार प्रश्न शांतपणे विचारावेत. नुकसान त्याच्या हातून, त्याच्या शक्तीप्रमाणे, भरून काढवावे. मागे प्रौढ माणूस असल्यास मुख्याध्यापकांस ताबडतोब कळवावे. १०९८ ही बालकांसाठीची दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्यावा.

आणि शेवटचे, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दुसऱ्या दिवशी त्या मुलाची जागा रिकामी दिसली, तर हजेरीपटावर गैरहजेरी मांडून थांबू नका. त्याच दिवशी त्याच्या घरी जा. मी गेलो नाही.