सॉल्व्हंट: सोडवणारा आणि फेडणारा

कोल्हापूरच्या गुऱ्हाळात काहिलीत उकळणारा उसाचा रस म्हणजे एक द्रावणच. त्यात साखर हे द्राव्य, तर पाणी हे द्रावक. द्रावकाला इंग्रजीत सॉल्व्हंट म्हणतात. हा शब्द लॅटिन 'सोल्व्हेरे' या क्रियापदापासून आला. त्याचा अर्थ सैल करणे, गाठ सोडणे. पाणी साखरेचे रेणू एकमेकांपासून सोडवते, म्हणून ते सॉल्व्हंट. याच क्रियापदाचा दुसरा अर्थ देणे चुकते करणे; त्यामुळे कर्ज फेडू शकणारा माणूसही सॉल्व्हंटच. गंमत म्हणजे मराठीतले 'फेडणे'ही तसेच आहे: वस्त्र फेडतात, कर्ज फेडतात आणि जोतिबाचा नवसही. रोमन लोकही नवस फेडण्यासाठी 'सोल्व्हेरे' हेच क्रियापद वापरत. 'द्रावक' मात्र संस्कृत 'द्रु' धातूचा, म्हणजे धावणे, वाहणे; 'द्रव' त्याचाच सख्खा भाऊ.